आरंभाचा दिवस

शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कामांची यादी कोणी लिहावयास बसला, तर त्याला एक वही पुरणार नाही. नांगरट, कुळवणी, शेणखत पसरणे, पेरणी, खुरपणी, कापणी, मळणी. त्यात पुन्हा खरिपाची पिके निराळी, रब्बीची निराळी. एवढी कामे डोक्यावर असूनही शेतकरी गोंधळून जात नाही. प्रत्येक काम केव्हा हाती घ्यावयाचे, हे त्याच्या मनात पक्के ठरलेले असते. नांगरट उन्हाळ्यात. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागते, तेव्हा बाजरी, मूग, उडीद यांच्या बियाण्याकडे त्याचे लक्ष वळते. गव्हाचे बियाणे त्या वेळी घरात असले, तरी तो त्याकडे ढुंकूनही पाहत नाही. गव्हाची पाळी पावसाळा सरल्यावर, थंडीच्या तोंडावर यावयाची असते.

मुलांनो, आपल्या कामांची यादी आपण अशी करतो का? सातवीतील एका मुलाची वही मी जानेवारीत पाहिली होती. तीत एकाखाली एक अकरा कामे लिहिली होती. ग्रंथालयाचे पुस्तक परत करणे, सायकलचे पंक्चर काढून आणणे, विज्ञान दिनासाठी रोपांचा प्रयोग मांडणे, वार्षिक परीक्षेची उजळणी, मे महिन्यात मामाकडे न्यावयाची गोष्टींची पुस्तके निवडणे, आणि अशीच आणखी काही. यादी नेटकी होती, अक्षरही चांगले होते. परंतु आजचे पंक्चर आणि मे महिन्यातील गोष्टींची पुस्तके एकाच रांगेत उभी होती! रोज सकाळी ती अकरा कामे वाचून त्याचे मन दडपून जाई. मग त्यांतले सर्वांत गोड काम तो उचली. मामाकडे न्यावयाची पुस्तके निवडून झाली. सायकल मात्र भिंतीला टेकून उभीच राहिली.

अशा यादीला उपाय सोपा आहे. काम कधीपर्यंत पुरे व्हावयास हवे, ही तारीख आपण बहुधा लिहितो. तिच्याशेजारी ते कोणत्या दिवशी सुरू करावयाचे, तीही तारीख लिहावी. ज्यांचा आरंभाचा दिवस अद्याप दूर आहे, ती कामे वहीच्या मागील पानांवर तारखेप्रमाणे उतरवून ठेवावी आणि खुशाल विसरावी. सकाळी मागील पान उघडून आजची तारीख पाहावी. तिच्यापुढे काही काम असेल, तर ते पुढील पानावर आणावे. त्या मुलाच्या अकरा कामांपैकी अशा रीतीने पुढील पानावर चारच उरली.

आता हा दिवस ठरवावयाचा कसा? शेवटाकडून मागे मोजीत यावे. आषाढी एकादशीला पंढरपुरात असावयाचे, तर दशमीला सकाळी आळंदीहून पायी निघून कसे चालेल? म्हणून ज्ञानेश्वर महाराजांची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीलाच प्रस्थान ठेवते, आणि तुकाराम महाराजांची पालखी देहूहून सप्तमीला.

रोपांच्या प्रयोगाचेच पाहा. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या १९२८ मधील शोधाच्या स्मरणार्थ २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन पाळला जातो. मुगाची रोपे दाखविण्याजोगी व्हावयास दहा दिवस धरले, तर बी १८ तारखेला मातीत पडले पाहिजे. परंतु बी रुजलेच नाही तर? ते कळण्यात सहा दिवस जातात आणि पुन्हा पेरावे लागते. दुबार पेरणीचे दुःख शेतकऱ्याला विचारा! म्हणून १२ तारीख. कुंड्या व माती गोळा करण्यास दोन दिवस. म्हणजे आरंभाचा दिवस १० फेब्रुवारी. निबंध एखादे वेळी रात्र जागून पुरा करता येईल. मुगाचे रोप मात्र आपण जागलो म्हणून रात्रीत वाढत नाही.

तरीही आरंभाचा दिवस म्हणजे डोळे मिटून काम उरकण्याचा दिवस नव्हे. मृग लागला म्हणून शेतकरी त्याच दिवशी तिफण जुंपतोच असे नाही. पाऊस पुरेसा झाला का, जमिनीला वाफसा आला का, हे तो मूठभर माती हातात घेऊन पाहतो. चिखलात पेरले तर बी कुजते, कोरड्यात पेरले तर पावसाची वाट पाहत राहते. मृगाचा दिवस हा त्याचा शेताकडे पाहण्याचा दिवस असतो. आपल्या वहीतील तारीखही तशीच समजावी.

काही जण म्हणतील, ही तर काम पुढे ढकलण्याची युक्ती झाली! मला तसे वाटत नाही. आळशी मनुष्य ‘पुढे पाहू’ म्हणतो. तारीख तो कधीच लिहीत नाही. मात्र पाच मिनिटांच्या कामाला आरंभाचा दिवस शोधीत बसू नये. पंक्चर आजच काढावे. आणि ठरल्या दिवशी काम हाती घेणे खरोखर शक्य झाले नाही, तर जुनी तारीख खोडून नवी लिहावी. जुनी वाचता येईल अशा बेताने खोडावी. एकाच कामापुढे तीन तारखा खोडलेल्या दिसल्या, तर ते काम आपल्याला करावयाचे आहे की नाही, हे घरी आईला किंवा शाळेत गुरुजींना विचारून एकदा ठरवून टाकावे.