नैसर्गिक वायु, सूर्यशक्ति व आपलीं भातखाचरें

सूर्यप्रकाश व वारा ह्यांपासून वीज निघूं लागल्यामुळें दगडी कोळसा, खनिज तेल व नैसर्गिक वायु ह्यांचें पुढें काय होणार, ही चर्चा हल्लीं सर्वत्र चालू आहे. तींत वायूचें नांव निघतें तें बहुधा शहरांतील मोटारी व चुली ह्यांच्या संबंधानें. काकिनाड्याकडून येणारी नळवाहिनी कल्याण तालुक्यांत म्हस्कळ येथें आली काय, किंवा समृद्धि महामार्गाच्या कडेनें नागपूरकडे दुसरी गेली काय, आपला त्यांतील वायूशीं कांहीं संबंध नाहीं, असें शहापूर-मुरबाडकडील शेतकऱ्यास वाटणें साहजिक आहे. वस्तुतः आषाढांत खांद्यावरून बांधावर जाणारी युरियाची गोणी म्हणजे पांढऱ्या दाण्यांच्या रूपांतील नैसर्गिक वायुच होय.

हें कसें, तें पाहूं. नैसर्गिक वायूंत मुख्य भाग मिथेनचा असतो. त्याची तापलेल्या वाफेशीं क्रिया घडवून हायड्रोजन काढतात. हा हायड्रोजन हवेंतील नत्राशीं मोठ्या दाबाखालीं संयोग पावला म्हणजे अमोनिया होतो. ही युक्ति जर्मनींत हाबर ह्यांनीं शोधून काढली व बॉश ह्यांनीं ती 1913 सालीं कारखान्यांत उतरविली. मिथेनमधील कर्ब ह्या क्रियेंत कार्बन डायॉक्साइडच्या रूपानें वेगळा निघतो, आणि तोच अमोनियाशीं जोडून युरिया करतात. आपल्याजवळ ट्रॉम्बे येथें व अलिबागेजवळ थळ येथें असे कारखाने आहेत. 45 किलोंच्या एका गोणीमागें सुमारें पंचवीस ते तीस घनमीटर वायु खर्च होतो. घरगुती टाकींत 14.2 किलो वायु असतो. गोणींतील हा खर्च वजनानें त्याहून अधिक भरतो.

गोणीची सरकारनें बांधलेली किंमत 242 रुपये आहे. निंबाचा लेप व कर वेगळे. खरा खर्च ह्याच्या कित्येक पट असून फरक सरकारी खजिन्यांतून भागतो. शिवाय देशास लागणाऱ्या वायूपैकीं जवळजवळ निम्मा परदेशाहून द्रवरूपानें जहाजांत येतो. 2022 सालीं युक्रेनमध्यें युद्ध पेटतांच त्याचे भाव जगभर भडकले. येथील किंमत स्थिर राहिली, म्हणून आपणांस तें जाणवलें नाहीं इतकेंच. वायूवर विसंबल्यास काय होतें ह्याचें उदाहरण कोंकणांतच आहे. गुहागर तालुक्यांतील दाभोळ वीजप्रकल्प वायूच्या अभावीं 2013 च्या अखेरीपासून सुमारें दोन वर्षें बंद पडून होता.

आतां सूर्यशक्ति वायूची जागा घेईल काय? विजेच्या बाबतींत पुष्कळशी घेईल. दिवसा सूर्याची वीज मुबलक मिळूं लागल्यावर वायूचें काम संध्याकाळची मागणी भागविण्यापुरतें उरेल. युरियाची गोष्ट मात्र निराळी आहे. सूर्याच्या विजेनें पाण्यांतून हायड्रोजन काढतां येतो व त्यापासून अमोनियाही होतो. परंतु युरियास कर्बही लागतो, आणि तो पाण्यांत नाहीं. हवेंत आहे, पण इतका विरळ कीं वेगळा काढणें महागात पडतें. म्हणून वायूची सद्दी इतरत्र संपली तरी युरियाच्या कारखान्यांत ती पुष्कळ दिवस टिकेल, असें आमचें मत आहे. सूर्य आपली गोणी स्वस्तांत भरून देईल ह्या आशेवर कोणीं बसूं नये.

बचत खाचरांतच करावी लागेल, आणि तेथें वाव मोठा आहे. आपल्या दोन तालुक्यांत पाऊस भरमसाट. पाणी खाचराखाचरांतून खालीं उतरत जातें. अशा पाण्यांत फेंकलेला युरिया कांहीं उन्हानें अमोनिया होऊन उडतो, कांहीं वाहून शेजाऱ्याच्या खाचरांत जातो. (शेजाऱ्यानें त्याबद्दल आभार मानल्याचें ऐकिवांत नाहीं.) ह्यावर डॉ. ना. कृ. सावंत ह्यांनीं घालून दिलेली चारसूत्री पद्धति उत्तम आहे. रोपवाटिकेंत तुसाची काळी राख व शेतांत पेंढा. चिखलणीपूर्वीं आठवडाभर आधीं गुंठ्यास 30 किलो गिरिपुष्पाचा पाला. खुणा केलेल्या दोरीनें 15 व 25 सेंटिमीटर आळीपाळीनें अंतर ठेवून लावणी. आणि लावणीच्या दिवशींच 15 सेंटिमीटरच्या प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी, 7 ते 10 सेंटिमीटर खोल.

गुंठ्यास 625 गोळ्या, म्हणजे सुमारें 1 किलो 700 ग्रॅम, लागतात. हेक्टरी हिशेबानें नत्र साठ किलोंच्या आंतच राहतें. फेंकून देण्याच्या पद्धतींत शंभर किलोंची शिफारस आहे. खोल चिखलांत हवा पोंचत नसल्यामुळें नत्र मातीच्या कणांस धरून राहतें व मुळें तेथें जाऊन तें घेतात.

गिरिपुष्प बांधावर लावावें. फांदी खोंवली तरी तें जगतें, आणि पाला घरचाच होतो. भातामागून अंगच्या ओलीवर वाल घेणाऱ्यांस हवेंतील नत्र फुकट मिळतेंच. ज्यांचीं गुरें बांधलेलीं आहेत त्यांनीं गोबरगॅसचाही विचार करावा. त्यांतील जळणारा वायु हाच मिथेन, आणि गोवऱ्या जाळल्यानें जें नत्र धुरांत जातें तें येथें रबडींत राहून शेतास मिळतें.

मजुरीचा आक्षेप खरा आहे. गोळ्या खोंचण्यास एक माणूस अधिक लागतो, आणि लावणीच्या घाईंत तो मिळत नाहीं. दोन-तीन कुटुंबांनीं आळीपाळीनें एकमेकांकडे जावें, निदान प्रथम वर्षीं पांच गुंठ्यांवरच प्रयोग करावा. गोळ्या ओल शोषून विरघळतात, म्हणून घट्ट बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशवींत ठेवाव्या; खोंचतांना खाचरांत पाणी बोटभरच असावें, व पुढील आठवडाभर चिखलांत पाय घालूं नये.