स्तनकर्करोगाच्या रुग्णांतील स्नेहमात्रा : कोणाला, केव्हा आणि किती?

प्रास्ताविक

वैद्यबंधू-भगिनींनो, स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली किंवा केमोथेरपी सुरू असलेली रुग्णा आपल्याकडे येते तेव्हा ती बहुधा औषध मागत नाही. "काय खायचं अन् काय नाही, तेवढं सांगा," एवढेच तिचे व तिच्या घरच्यांचे म्हणणे असते. प्रश्न साधा वाटतो. तथापि त्याचे उत्तर देताना आमच्याकडून एकदा जी चूक झाली, तीच या लेखाचे निमित्त आहे.

काही वर्षांपूर्वी पाटोदा तालुक्यातील एक शेतमजूर स्त्री पहिल्या केमोथेरपीनंतर आमच्याकडे आली. वजन ४७ किलो, तोंडाला चव नाही, मळमळ, अन्नाचा वास नकोसा. आम्ही अग्निमांद्य पाहिले आणि हलका आहार सांगितला : तांदळाची पेज व मुगाचे कढण. तेल, दूध, शेंगदाणे, अंडी पूर्ण बंद. घरच्यांनी हे पथ्य अत्यंत निष्ठेने पाळले. दुसऱ्या केमोनंतर तिचे वजन साडेबेचाळीस किलो भरले, म्हणजे सुमारे दहा टक्के घट झाली. रक्तातील पेशी व हिमोग्लोबिन खालावल्यामुळे रुग्णालयाने तिसरी केमो दहा दिवस पुढे ढकलली. "हिचे खाणे कोणी बंद केले?" असे तेथील आहारतज्ज्ञांनी विचारले, तेव्हा तिच्या पतीने आमचे नाव सांगितले. ते ऐकून आम्हाला वाईट वाटले, पण ते खोटे नव्हते.

त्याच वर्षी बीड शहरातील एक चौपन्न वर्षांच्या बाई आमच्याकडे आल्या. उपचार संपून वर्ष झाले होते. "अशक्तपणा भरून यावा" म्हणून घरात डिंकाचे लाडू, साजूक तूप व सायीचे दूध वर्षभर चालू होते. वजन ६८ वरून ७६ किलोवर गेले होते आणि शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजू लागला होता. पहिलीला जे द्यायला हवे होते ते दुसरीला मिळाले, आणि दुसरीला जे सांगायला हवे होते ते आम्ही पहिलीला सांगितले.

आपल्या जिल्ह्यातील स्थिती

कर्करोगाच्या नोंदणीबाबत आपला परिसर देशात अपरिचित नाही. शेजारच्या बार्शी येथे १९८७ पासून देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालते. पुढे तत्कालीन उस्मानाबाद (आताचा धाराशिव) व बीड या जिल्ह्यांचीही नोंदणी सुरू झाली. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात २०१२ ते २०१६ या काळासाठी या दोन जिल्ह्यांतील स्त्रियांचे वयसमायोजित कर्करोग प्रमाण दर लाखास ४९.४ दिले आहे. देशातील सर्व नोंदणी केंद्रांत ते सर्वांत कमी होते. यात समाधान मानण्यापूर्वी दुसरी बाजू पाहावी. रुग्ण कमी म्हणजे एकेका वैद्याचा अनुभवही कमी. वर्षातून एखादीच अशी रुग्णा पाहणारा वैद्य सवयीने ज्वराचे किंवा अजीर्णाचे पथ्य सांगून मोकळा होतो. आमचे तेच झाले.

शास्त्राधार

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या दहाव्या अध्यायात स्तनरोग व अकराव्या अध्यायात अर्बुद वर्णिले आहे. आजच्या स्तनकर्करोगाशी त्यांचे तंतोतंत समीकरण मांडण्याचा आग्रह येथे धरावयाचा नाही. आहाराच्या दृष्टीने मात्र चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील तीन अध्याय पुन्हा वाचावेत : पाचवा मात्राशितीय, एकविसावा अष्टौनिन्दितीय आणि बाविसावा लंघनबृंहणीय.

एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व अतिकृश यांच्या आहाराचे जे तत्त्व आहे, ते आपल्या प्रश्नाची किल्लीच होय. स्थूलास द्रव्य गुरु असावे, पण ते अपतर्पण करणारे असावे. म्हणजे पोट भरावे, पोषणाचा अतिरेक होऊ नये. कृशास द्रव्य लघु असावे, पण ते संतर्पण करणारे असावे. म्हणजे सहज पचावे, तरी शरीर भरावे. आम्ही पाटोद्याच्या रुग्णेला लघु दिले, संतर्पण विसरलो. पेज लघु आहे, परंतु नुसत्या पेजेवर मांसधातू टिकत नाही.

आधुनिक अभ्यास काय सांगतात?

कमी स्निग्ध आहाराविषयी अमेरिकेतील तीन मोठे अभ्यास माहीत असणे आवश्यक आहे. पहिल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यात पाळी गेलेल्या २,४३७ रुग्णा होत्या. एका गटाने रोजचा स्नेह सुमारे ३३ ग्रॅमपर्यंत आणला, तर दुसरा गट ५१ ग्रॅमच्या आसपास राहिला. सुमारे पाच वर्षांनी रोग उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ९.८ व १२.४ टक्के आढळले. पहिल्या गटाचे वजनही सरासरी पावणेतीन किलोने कमी राहिले.

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात ३,०८८ स्त्रिया होत्या. त्यांच्यातील एका गटाला भरपूर भाज्या, फळे, तंतुमय पदार्थ व कमी स्नेह असा आहार सांगितला होता. सात वर्षांहून अधिक पाठपुराव्यानंतर दोन्ही गटांत रोग उलटण्याचे प्रमाण जवळपास सारखेच, म्हणजे १६.७ व १६.९ टक्के राहिले. या स्त्रियांचे वजन मात्र कमी झाले नव्हते.

तिसरा अभ्यास कर्करोग नसलेल्या, पाळी गेलेल्या ४८,८३५ स्त्रियांचा. २००६ च्या अहवालात स्तनकर्करोगाच्या प्रमाणात निर्णायक फरक दिसला नाही. सुमारे वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मात्र कमी स्निग्ध आहाराच्या गटात या रोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आढळले.

तात्पर्य असे, की तेल कमी केल्याने कर्करोग बरा होतो असे कोणताही अभ्यास म्हणत नाही. उपचारानंतर स्नेह आवरल्याने, विशेषतः त्यातून वजन आटोक्यात राहिल्यास, लाभ संभवतो. त्यातही हे अभ्यास स्निग्ध पदार्थ भरपूर खाणाऱ्या स्त्रियांचे आहेत. भाकरी व ठेचा खाऊन राबणाऱ्या कृश स्त्रीला ते जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. म्हणून आमचा पहिला नियम असा : आधी वजनकाटा, मग पथ्य.

केमोथेरपी व रेडिएशन चालू असताना

या काळात लंघन नको. वजन टिकवणे हेच पथ्य. वजनाच्या दर किलोस २५ ते ३० कॅलरी व १ ते १.५ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण कर्करुग्णांसाठी स्वीकारलेले आहे. ४५ किलोच्या स्त्रीला दिवसाला ४५ ते ६८ ग्रॅम प्रथिने लागतात. दोन अंडी, दोन कप दूध, दोन वाट्या घट्ट वरण, मूठभर फुटाणे व ज्वारीच्या दोन भाकरी यांतून ती भागतात. शाकाहारी घरात अंड्यांऐवजी ताजे पनीर किंवा मोड आणून शिजवलेली मटकी द्यावी.

मळमळ असल्यास दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्यावे. गरम अन्नाच्या वासाने उमळत असेल तर अन्न कोमट करून द्यावे. तोंड आले असल्यास ठेचा, कोरडी चटणी व आंबट पदार्थ बंद करून दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ वरणभात किंवा ज्वारीच्या कण्या द्याव्यात. या वेळी भातावर चमचाभर साजूक तूप घालण्यास हरकत नाही. तळलेले पदार्थ टाळावेत, ते मळमळ वाढवतात म्हणून. मिश्री लावण्याची सवय असेल तर ती या निमित्ताने कायमची सोडवावी.

पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, म्हणून पाणी व दूध उकळलेले असावे. कच्ची कोशिंबीर व बाजारातील कापलेली फळे टाळावीत. केमो चालू असताना ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला तर काढा देत बसू नये. रुग्णेला तत्काळ रुग्णालयात पाठवावे. यात काही तासांचा विलंबही प्राणघातक ठरू शकतो.

सर्वच रुग्णा वाळतात असेही नाही. स्टेरॉइडमुळे वाढणारी भूक, श्रमांचा अभाव व अकाली जाणारी पाळी यांमुळे स्तनकर्करोगात पुष्कळ जणींचे वजन उपचारकाळातच वाढू लागते. म्हणून दर भेटीस वजन नोंदवावे.

उपचारानंतर : स्नेहाचा हिशेब

येथे कमी स्निग्ध आहाराला खरे स्थान आहे. बैठे जीवन असलेल्या, वजन वाढलेल्या स्त्रीसाठी १,६०० कॅलरींचा आहार धरल्यास त्याचे वीस टक्के म्हणजे ३२० कॅलरी. एक ग्रॅम स्नेहाच्या नऊ कॅलरी, म्हणून दिवसाला सुमारे ३५ ग्रॅम स्नेह. धान्ये, डाळी व साय काढलेले दूध यांतूनच दहा-बारा ग्रॅम जातात. उरलेल्या तेवीस ग्रॅमांत तीन लहान चमचे तेल व सुमारे २० ग्रॅम शेंगदाण्यांचा कूट एवढेच बसते.

"तेल कमी खा" असे सांगून काहीच होत नाही. "महिन्याला घरात किती तेल लागते आणि खाणारी माणसे किती?" असे विचारावे. पाच माणसांत पाच किलो तेल संपत असेल तर माणशी रोज ३३ ग्रॅम झाले, म्हणजे जवळपास सारी मर्यादा एकट्या तेलातच संपली. आम्ही आता माणशी महिना अर्धा लिटर हे माप देतो. एकाच कढईत सर्वांची भाजी होते, त्यामुळे हे पथ्य एकटीचे न राहता घराचे होते. करडईचे की शेंगदाण्याचे, यापेक्षा किती हा प्रश्न महत्त्वाचा.

आपल्याकडे स्नेह तेलापेक्षाही कुटात लपलेला असतो. शेंगदाणे, तीळ, कारळे यांच्या चटण्या व कुटाच्या दाट आमट्या रोजच्या जेवणात असतात. चटणी बंद करू नये, एका चमच्यावर आणावी. उपवासाचा दिवस तर बहुधा सर्वांत स्निग्ध असतो. साबुदाण्याच्या एका बशीत ३० ग्रॅम कूट व दोन चमचे तूप असले, तरी बावीस-तेवीस ग्रॅम स्नेह पोटात जातो. त्याऐवजी भगर व ताक सुचवावे. उपचार चालू असताना मात्र उपवासच नको, हे घरातील वडीलधाऱ्यांसमोर सांगावे, म्हणजे रुग्णेवर दोष येत नाही.

ज्वारी-बाजरीची भाकरी, अंबाडी, शेपू, मेथी, चाकवत, पातळ वरण ही आपली द्रव्ये पोट भरतात व स्नेह वाढवीत नाहीत. चरकाचार्यांचे "गुरु पण अपतर्पण" ते हेच. सीताफळात स्नेह नगण्य, पण साखर भरपूर, म्हणून एखादेच खावे. आहाराला आठवड्यात दीडशे मिनिटे चालण्याची जोड द्यावी.

दूध बंद करू नये. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल यांसारख्या औषधांनी हाडे ठिसूळ होतात. साय काढल्याने स्नेह जातो, कॅल्शियम जात नाही. आपल्या जिल्ह्यात याला आणखी एक गंभीर कारण आहे. २०१९ च्या शासकीय समितीच्या पाहणीत ऊसतोडीच्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. त्या शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले होते काय, हे जुन्या कागदांवरून पाहून कर्करोगतज्ज्ञांना कळवावे. हाडांची काळजी व हार्मोनविरोधी औषधाची निवड दोन्ही त्यावर अवलंबून असतात.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

सोयाबीन आपल्या शेतातले पीक, पण "यात हार्मोन असतात" म्हणून रुग्णा घाबरतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शांघाय येथील ५,०४२ रुग्णांच्या अभ्यासात सोया खाणाऱ्यांत मृत्यू व रोग उलटणे, दोन्ही कमी आढळले. आहारातील बेताचे सोया चालेल, त्याच्या अर्काच्या गोळ्या देऊ नयेत. हळदीचेही तसेच. स्वयंपाकातील हळद निर्धोक. पण २०१९ च्या एका छोट्या अभ्यासात कर्क्युमिन व पिपेरिन एकत्र घेतल्यावर टॅमॉक्सिफेनच्या कार्यकारी अंशाचे रक्तातील प्रमाण घटलेले दिसले. अशा कॅप्सूल टॅमॉक्सिफेन घेणारीस विकू नयेत. शतावरी कल्प, भस्मे व घृतकल्प केमोथेरपीच्या काळात कर्करोगतज्ज्ञांना कळविल्याशिवाय देऊ नयेत. च्यवनप्राश व कल्प यांतील साखर-तुपाचाही हिशेब धरावा. "कर्करोग बरा करणारे" अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे, याचे विस्मरण नसावे.

उपसंहार

पाटोद्याच्या त्या रुग्णेस आम्ही घरी जाऊन पथ्य बदलून दिले आणि चूक आमची होती असे तिच्या पतीसमोर सांगितले. दूध, अंडी व कूट पुन्हा सुरू झाले. उरलेल्या केमो वेळेवर पार पडल्या व वजन ४५ किलोवर आले. पुढच्या दिवाळीनंतर ते कुटुंब उसाच्या फडावर गेले. जाताना तिने वहीत स्वतःचे वजन लिहून घेतले आणि "तिकडं काटा असतोय, महिन्याला बघत जाईन," असे सांगितले.

आता अशी रुग्णा आली की आम्ही केसपेपरवर तीन गोष्टी आधी लिहितो : आजचे वजन, सहा महिन्यांपूर्वीचे वजन, आणि उपचार चालू की संपलेले. पथ्य त्यानंतर. आपणही हा क्रम ठेवावा, ही नम्र विनंती.