नेटवर्क स्विचचे सॉफ्टवेअर बदलताना



शाळेतील संगणक ज्या पेटीतून एकमेकांशी जोडलेले असतात, तिला नेटवर्क स्विच म्हणतात. या पेटीतही सॉफ्टवेअर असते. दोष दूर करण्यासाठी कंपनी त्याची नवी आवृत्ती काढते. ती लागू करताना स्विच बंद करून पुन्हा चालू करावा लागतो व तेवढा वेळ सर्व संगणकांची जोडणी तुटते. शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस असेल, तर गरीब मुलाचे वर्षभराचे नुकसान होऊ शकते.

जोडीचा उपयोग

१९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेचे पहिले ग्रामीण टेलिफोन एक्स्चेंज १९८६ साली कर्नाटकातील कित्तूर येथे सुरू झाले. वातानुकूलनाशिवाय, धुळीत व उन्हाळ्यात ते चालावे लागे. म्हणून त्यातील मुख्य नियंत्रण कार्डे दुहेरी ठेवली होती. एक बंद पडले तर दुसरे काम सांभाळी.

परंतु केवळ जोडी पुरेशी नाही. १५ जानेवारी १९९० रोजी अमेरिकेतील एटी अँड टी कंपनीचे लांब पल्ल्याचे टेलिफोन जाळे सुमारे नऊ तास विस्कळीत झाले. तेथे ११४ मोठे स्विच होते. काही आठवड्यांपूर्वी सर्वांत नवे सॉफ्टवेअर घातले होते आणि त्यात एक चूक राहिली होती. एक स्विच बंद होऊन सावरला, की त्याच्या संदेशांमुळे शेजारचे स्विच बंद पडत. सर्वांत एकच दोष असल्याने कोणी कोणाला सावरू शकले नाही.

तात्पर्य, नवे सॉफ्टवेअर चालते याची खात्री होईपर्यंत जुने हाताशी ठेवावे.

कामाचा क्रम

१. कंपनीच्या सूचना आधी वाचाव्यात.
२. स्विचमधील सर्व मांडणीची प्रत संगणकावर उतरवून ठेवावी.
३. बऱ्याच स्विचमध्ये सॉफ्टवेअरच्या दोन प्रती राहतात. जुनी चालू असतानाच नवी दुसऱ्या जागी भरावी. यात काम थांबत नाही.
४. फाईल पूर्ण व अचूक आली आहे का, हे तपासावे.
५. रविवार किंवा सुट्टीचा दिवस निवडावा. यूपीएस जोडावा. सॉफ्टवेअर लिहिले जात असताना वीज गेली, तर स्विच निकामी होऊ शकतो.
६. स्विच पुन्हा चालू करावा. जोडणी बहुधा काही मिनिटेच तुटते.
७. कार्यालय, संगणक कक्ष व इंटरनेट तपासावे. अडचण आल्यास जुनी प्रत चालू करावी.
८. दोन स्विच असल्यास आधी एक बदलावा. तो काही दिवस नीट चालला, तरच दुसऱ्याला हात लावावा.

विश्वस्त मंडळास विनंती, की नवा स्विच घेताना त्यात दोन प्रती राहतात का, हे जरूर विचारावे.

स्वाध्याय

१. ११४ स्विच असूनही अमेरिकेतील जाळे का कोलमडले?
२. वरीलपैकी कोणत्या पायरीवर जोडणी तुटते?
३. घरातील मोबाईलचे सॉफ्टवेअर बदलण्यापूर्वी कोणती काळजी घ्याल? पालकांशी चर्चा करून लिहा.