स्क्विजी ओढताना : हाताची चूक अक्षरात दिसते



आज कार्यानुभवाचा एक पाठ सांगतो. हाताने स्क्रीन प्रिंटिंग करताना स्क्विजी कशी ओढायची, एवढाच विषय. साधा वाटतो ना? मलाही वाटला होता, म्हणून तर 38 पत्रिका वाया गेल्या.

झालं असं. आपल्या बीड जिल्ह्यात ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्या की लग्नसराईची गडबड सुरू होते. नववीतल्या एका मुलाच्या बहिणीचं लग्न एप्रिलअखेर होतं, पत्रिका हव्या होत्या दीडशे. मी उत्साहाने म्हणालो, "शाळेत छापू. मुलांचा पाठ होईल, घरच्यांना फक्त कोऱ्या पत्रिकांचा खर्च." त्यांनी 160 कोऱ्या पत्रिका आणल्या. मजकुराची तयार स्क्रीन, शाई आणि स्क्विजी मी तालुक्याच्या एका छापखान्यातून आणली. पहिली पत्रिका फिकी आली. मी मुलाला म्हणालो, "अरे, जोर लाव की!" त्याने लावला. अक्षरं फुगली. आणखी जोर, आणखी फुगली. मग उन्हाने शाई जाळीत वाळली आणि 'चि. सौ. कां.' मधला अनुस्वारच गायब झाला. मुलाचा चेहरा बघवेना. पत्रिका त्याच्या बापाच्या मजुरीतून आलेल्या होत्या आणि चुकीची सूचना माझी होती.

काम थांबवलं. संध्याकाळी छापखान्यातल्या कारागिराकडे गेलो. त्यांनी खराब पत्रिका उजेडात धरल्या आणि नुसती अक्षरं पाहून माझी चूक सांगितली. तीच आता तुम्हाला सांगतो.

मुलांना समजावताना रांगोळीच्या छापापासून सुरुवात करा. छापाच्या भोकांतून रांगोळी खाली पडते, तशी इथे जाळीतून शाई उतरते. फरक इतकाच की ही भोकं फार बारीक असतात. 120 नंबरची जाळी म्हणजे एका सेंटिमीटरला 120 धागे. एका धाग्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर किती, हे गणित मुलांनाच करू द्या (0.08 मिलिमीटरच्या आसपास येतं). जिथे अक्षर नको तिथली भोकं बंद केलेली असतात.

आता मुख्य गोष्ट. ताणलेली जाळी कागदाला टेकलेली नसते आणि टेकलेली नसावीही. मध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा हवी. चौकटीच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे चिकटवले की ती मिळते. स्क्विजीच्या रबराची धार जिथे असते, तेवढ्याच एका रेषेत जाळी कागदाला लागते आणि धार पुढे सरकली की जाळी उचलली जाते, शाई कागदावर राहते. म्हणजे काम धारेचं आहे, जोराचं नाही. जास्त दाबलं की रबर वाकतं. वाकलं की धारेऐवजी त्याची चपटी बाजू जाळीवर फिरते, शाई जास्त उतरते आणि अक्षराच्या कडेखाली शिरते. मी 'जोर लाव' म्हणालो तेव्हा नेमकं हेच झालं.

मग किती दाबायचं? कारागिरांनी उलटी रीत सांगितली. रद्दीवर अगदी हलक्या हाताने सुरुवात करा, इतक्या हलक्या की छाप धड उमटणारच नाही. मग थोडा थोडा दाब वाढवा. धार गेल्यावर मागची जाळी पुसल्यासारखी स्वच्छ दिसली की थांबा, तोच तुमचा दाब. त्यापुढे गेलात की बिघडलं. प्रत्येक मुलाचा हात वेगळा, म्हणून प्रत्येकाने हे स्वतः शोधायचं.

कोनासाठी कंपासपेटीतला गुण्या काढा. त्याचा 60 अंशांचा कोपरा स्क्विजीशेजारी उभा धरला की मुलाला कळतं किती कलवायचं. स्क्विजी ज्या दिशेने ओढायची त्या दिशेला झुकलेली हवी. दोन्ही हात सारखे ठेवा, नाहीतर एक बाजू फिकी येते. सुरुवात मजकुराच्या अलीकडे, शेवट पलीकडे, आणि मध्ये थांबायचं नाही. थांबलं की तिथे आडवी रेघ दिसते. ओढण्याच्या दिशेने उभी रेघ मात्र प्रत्येक प्रतीवर येत असेल तर हात निर्दोष आहे, रबराच्या धारेला खाच पडली आहे. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून धार सरळ घासून घ्या.

आणि आपल्याकडचं ऊन! एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, शाई बघता बघता वाळते. म्हणून एक प्रत निघाली की स्क्रीन जरा उचलून शाईचा पातळ थर हलक्या हाताने मजकुरावर पसरून ठेवायचा. जाळी ओली राहते आणि पुढची प्रत भरीव येते. आमची पहिली प्रत फिकी आली ती हा थर दिला नव्हता म्हणून. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, पंखा बंद ठेवून व्हरांड्यात बसलो.

त्या दिवसापासून मी चाचणीची वेगळी स्क्रीनच करून घेतली आहे. तिच्यावर आपल्याच जिल्ह्यातली तीन नावं आहेत : अंबाजोगाई, परळी वैजनाथ, आष्टी. 'अं'वरचा ठिपका हे सगळ्यात छोटं भोक, तो उमटला नाही तर शाई वाळली आहे. 'वै'च्या दोन मात्रा चिकटून 'वे' दिसू लागला किंवा 'ष्टी'तल्या 'ष'चं पोट भरलं तर दाब जास्त झाला. आता मुलं मला विचारत नाहीत, अक्षर बघून एकमेकांना सांगतात, "तुझी मात्रा चिकटली, हात हलका कर." शुद्धलेखनाच्या तासाला मात्रेकडे इतकं बारीक लक्ष त्यांनी कधी दिलं नव्हतं, हे जाता जाता.

एक काळजी घ्या. पत्रिकांच्या शाईला लागणारं थिनर मुलांच्या हाती देऊ नका. स्क्रीन मी स्वतः उघड्यावर धुतो. लहान वर्गांसाठी पाण्यात विरघळणारा कापडाचा रंग आणि 43 नंबरची मोकळी जाळी घ्या, जुन्या कापडी पिशव्यांवर मोठी अक्षरं छापा. काम झालं की स्क्विजी लगेच पुसून धार खाली न टेकवता टांगून ठेवा. थिनरमध्ये बुडवून ठेवली तर रबर फुगतं.

त्या सकाळी उरलेल्या 122 पैकी चारच बिघडल्या. कमी पडलेल्या 32 पत्रिका सुवाच्य अक्षर असलेल्या मुलामुलींनी रंगीत कागदावर हाताने लिहिल्या. आधी कुणाला द्यायच्या यावर घरात चर्चा झाली म्हणे, आणि शेवटी त्या जवळच्या नातेवाइकांना गेल्या.