पिंजण्याआधी कापसाची सफाई

हिंगणघाट तालुक्यातील वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. भोवती सगळा कापसाचा मुलूख. विदर्भात कापूस पिंजून गाद्या-रजया भरण्याचे काम आपल्या पिंजारी, मन्सुरी बांधवांचे. अरबीत पिंजाऱ्याला 'हल्लाज' म्हणतात, इतका हा हुनर जुना.

फोमच्या गादीने गिऱ्हाईक तोडले, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. पण कापसाच्या गादीत वर्षभरात गाठी झाल्या, तर दोष फोमचा नव्हे. पुष्कळदा तो पिंजण्याआधीच्या सफाईचा असतो. ती कशी करावी, हे आज पाहू.

१) निवड : रुई पसरून पाल्याचा चुरा, बोंडाची टरफले, सरकीचे तुकडे हाताने काढावेत. किडकी, पिवळी कवडी वेगळी ठेवावी. केस, सुतळी आणि खताच्या पोत्याचे प्लास्टिकचे धागे आधी वेचावेत. पिंजताना ते सुटत नाहीत, उलट सगळ्या मालात पसरतात.

२) लोखंड : जुन्या गादीत सुई, टाचणी हमखास सापडते. कापसावरून लोहचुंबक फिरवावे. यंत्राच्या दात्यांवर लोखंड आदळले की ठिणगी उडते. पेटलेला कापूस वरून विझला तरी आत धुमसत राहतो. तो बाहेर नेऊन, उकलून पूर्ण भिजवावा.

३) ऊन : दमट कापूस मोकळा होत नाही. पातळ थर करून उन्हात वाळवावा; मात्र धुऊ नये. लोकरीत मेंढीच्या अंगचे तेल असते, म्हणून ती धुतात. कापूस धुतला तर त्याचे गोळे होतात. दक्षिण अमेरिकेतील अल्पाका या प्राण्याच्या लोकरीत तेल कमी व धूळ जास्त असते; तीसुद्धा जाळीवर झटकूनच पुढे नेतात.

४) झटकणे : बाजेवर किंवा जाळीवर कापूस टाकून बारीक काठीने हलके झोडपावे. माती, चुरा खाली गळतो. मग बोटांनी उकलून थोडा-थोडा पिंजणाला द्यावा.

छातीची काळजी

हे काम उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून करावे. नाकातोंडावर दाट फडके किंवा मास्क असावा. कापसाच्या धुळीने फुप्फुसाचा आजार होतो. सुटीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे, ही त्याची ओळख. असे झाल्यास डॉक्टरांना कामाचे स्वरूप जरूर सांगावे.

वजनाचा हिशेब

सफाईत वजन घटतेच. म्हणून जुना कापूस गिऱ्हाइकासमोर तोलावा, सफाईनंतर पुन्हा तोलावा, आणि निघालेला कचरा त्यालाच दाखवावा. घट लपवली तर संशय राहतो, दाखवली तर मेहनत दिसते. सफाईची मजुरीही वेगळी सांगावी. कचरा डोळ्यांनी पाहिलेला माणूस ती सहसा नाकारत नाही. आणि दुसरी गादी भरायला तो आपल्याकडेच येतो.