राखाडी पट्टीचे इफेक्ट आणि बॅनरवर उठणारे पट्टे

व्हिडिओत ग्रेडियंट टूल ओढून दाखवलं, पण आकडे पटापट निघून गेले. ते इथे नीट लिहितोय, कारण फ्लेक्सची कामं घेणार असाल तर पैसे तिथेच अडकतात.

काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी आपल्याला रंग वाटते. कॉम्प्युटरला ते आकडे असतात. साध्या ८ बिट फाइलमध्ये काळा ०, पांढरा २५५, बाकी राखाडी छटा मध्ये. हे आकडे कुठे लावता त्यावर इफेक्ट ठरतो. लेयर मास्कवर लावले की पांढऱ्या जागी फोटो पूर्ण दिसतो, काळ्या जागी गायब, राखाडीत अर्धामुर्धा. मिठाईचं ताट बॅनरच्या पिवळ्या रंगात विरत जातं ते असंच. ग्रेडियंट मॅपमध्ये तोच आकडा रंग निवडतो. काळ्याच्या जागी गडद मरून, पांढऱ्याच्या जागी क्रीम दिलं की वेगवेगळ्या उजेडात काढलेले फोटो एकाच दुकानाचे वाटतात. (खाण्याच्या वस्तूंना नको. मरून जिलेबी कोण घेणार?) व्हिडिओच्या ग्रेडियंट वाइपमध्ये पट्टी वेळ ठरवते. काळा भाग आधी उघडतो, पांढरा शेवटी.

आता पैशांचा भाग. समजा गोरेगाव स्टेशनजवळच्या दुकानाचा १० बाय ४ फुटांचा बॅनर आहे. १० फूट म्हणजे ३०४८ मिलिमीटर. ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या त्यात पसरल्या तर एक पायरी साधारण १२ मिलिमीटरची. चालून जातं. पण गिऱ्हाईकाला हवी असते हलकी शेड, समजा १८० ते २२०. पायऱ्या उरल्या फक्त ४१, म्हणजे एकेक पट्टा जवळजवळ ७४ मिलिमीटर, तीन इंच! आपला डोळा दोन छटांमधली कड असते त्यापेक्षा ठळक करून बघतो, त्यामुळे उभे पट्टे लगेच नजरेत भरतात. ४० चौरस फूट पुन्हा छापायचं तर मीडिया, शाई, मजुरी दोनदा. गिऱ्हाईक पैसे एकदाच देतं.

उपाय स्वस्त आहे. शेडवर १-२ टक्के नॉइज टाका, एकरंगी. बारीक दाण्यांमुळे कड मोडते. मग फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, कॉम्प्रेशनमध्ये ते दाणे पुसले जातात. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

टी-शर्टच्या स्क्रीन प्रिंटिंगचं गणित वेगळं. तिथे शाई एकतर लागते किंवा लागत नाही, राखाडी शाई कुणी भरत नाही. म्हणून हाफटोन: गडद जागी मोठे ठिपके, फिकट जागी बारीक. ही विद्या जुनी आहे. आपल्या चित्रनगरीला ज्यांचं नाव आहे ते दादासाहेब फाळके १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी छपाईच्या आणि ब्लॉकच्या धंद्यातच होते.

जाळीतून अगदी बारीक ठिपके उतरतच नाहीत, गडद भागातले एकमेकांत मिसळतात. म्हणून ऑर्डर घेण्याआधी ० ते १०० टक्के, दहा-दहाच्या टप्प्याने ११ चौकोन बनवा आणि खऱ्या कापडावर, खऱ्या शाईने छापा. समजा १० टक्क्यांचा चौकोन उमटलाच नाही आणि ९० चा १०० सारखाच दिसला, तर तुमची पट्टी २० ते ८० चीच. डिझाइन तेवढ्यात बसवा. तो तुकडा फेकू नका. मागे जाळीचा नंबर आणि तारीख लिहून काउंटरजवळ टांगा. गिऱ्हाईक मोबाइलवर फिकट धुकं दाखवून “अस्संच पाहिजे” म्हणालं, की आधी तो तुकडा त्याच्या हातात द्या, भाव नंतर सांगा.