बेसबॉलचीं जुनीं कार्डें जमविणाऱ्या नवशिक्यांस

पोस्टाचीं तिकिटें, जुनीं नाणीं, आगपेट्यांवरील छाप जमविणारे विद्यार्थी कोणत्याहि शाळेंत आढळतात. अमेरिकेंतील मुलांमध्यें असाच एक छंद शंभराहून अधिक वर्षें चालत आला आहे. तो म्हणजे बेसबॉल खेळाडूंच्या चित्रकार्डांचा. आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे आप्त आतां त्या देशीं राहतात, आणि सुटींत इकडे येणाऱ्या मुलांच्या सामानांत हीं कार्डें दिसूं लागलीं आहेत. तीं पाहून आपणहि एखादें जुनें कार्ड मिळवावें असें ज्यांस वाटतें त्यांच्यासाठीं, व ज्यांच्या खिशांतून पैसे जावयाचे त्या पालकांसाठीं, चार गोष्टी लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या कार्डांचा जन्म कसा झाला तें पाहूं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेंत सिगारेटचें पाकीट चेपूं नये म्हणून त्यांत ताठ कागदाचा एक तुकडा घालीत असत. त्यावर नामांकित खेळाडूचें चित्र छापलें तर गिऱ्हाईक पुन्हा आपलाच माल घेईल, हें तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या ध्यानांत आलें. १९०९ ते १९११ या काळांत अमेरिकन टोबॅको कंपनीनें काढलेली पांचशेंहून अधिक कार्डांची माला संग्राहकांत ‘टी २०६’ या नांवानें प्रसिद्ध आहे. दीड इंचाहून किंचित् कमी रुंद व अडीच इंचांहून किंचित् अधिक उंच अशीं तीं चिमुकलीं रंगीत चित्रें आजहि मोठीं देखणीं वाटतात. पिट्सबर्गच्या संघांतील थोर खेळाडू होनस वॅग्नर यांचें चित्र या मालेंत छापणें लवकरच बंद झालें. मुलांनीं आपल्या चित्रासाठीं सिगारेटी घ्याव्या हें त्यांस रुचलें नाहीं, असें कोणी म्हणतात. त्यांस मोबदला मिळाला नव्हता, असेंहि कोणी म्हणतात. पहिलें कारण खरें असावें असें आम्हांस वाटतें, परंतु आम्हांस वाटणें म्हणजे पुरावा नव्हे! आज त्या कार्डाच्या साठाच्या आसपासच प्रती ठाऊक आहेत, व त्यांतील एक २०२२ सालीं साडेबहात्तर लक्ष डॉलरांस विकली गेली.

पुढें तंबाखूची जागा च्युइंगगमनें घेतली. बोस्टनच्या गाउडी कंपनीनें १९३३ सालीं २४० कार्डांची माला काढली, पण तींतील १०६ क्रमांकाचें कार्ड त्या वर्षीं बाजारांत आलेंच नाहीं. माला पुरी करण्याच्या आशेनें मुलें गम घेत राहिलीं. ज्यांनीं पत्रें लिहून तक्रार केली त्यांस १९३४ सालीं तें कार्ड पाठविण्यांत आलें. ही युक्ति कितपत सरळ होती, हें वाचकांनींच ठरवावें. ब्रुकलिनच्या टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या मालेची कथा याहून निराळी. तिचा शेवटचा भाग हंगाम संपत आला असतां निघाला, त्यामुळें तो खपला नाहीं. उरलेला माल वखारींत पडून राहिला आणि १९६० सालीं न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून दूर नेऊन समुद्रांत बुडविण्यांत आला. मिकी मँटल यांचें ३११ क्रमांकाचें कार्ड याच भागांतील. त्याची एक जवळजवळ कोरी राहिलेली प्रत २०२२ सालीं एक कोटि सव्वीस लक्ष डॉलरांस गेली.

असले आकडे ऐकूनच नवशिक्याची बुद्धि चळते. परंतु तेंच मँटलचें कार्ड कोपरे झिजलेलें व मध्यें दुमडलेलें असेल तर या किंमतीच्या शंभराव्या हिश्श्यालाहि जात नाहीं. म्हणजे किंमत केवळ नांवाची किंवा वयाची नसून स्थितीचीहि असते. चारी कोपरे, कडा, चित्राभोंवतालची पांढरी चौकट सारखी आहे कीं एकीकडे सरकली आहे, पृष्ठभागावर ओरखडे किंवा डाग आहेत काय, हें सर्व तपासून १ पासून १० पर्यंत गुण देणाऱ्या व कार्ड पारदर्शक डबींत बंद करून देणाऱ्या कंपन्या तेथें आहेत. गुणांत एकाचा फरक पडला कीं किंमत कित्येक पट चढते, आणि लबाडीला वाट मिळते ती येथेंच. झिजलेली कड धारदार पात्यानें कापली कीं कार्ड पुन्हा नवें दिसूं लागतें. वॅग्नरच्या कार्डाची जी प्रत सर्वांत उत्तम म्हणून गाजली, जी १९९१ सालीं ४,५१,००० डॉलरांस विकली गेली व जिला पुढें ८ गुण मिळाले, तीच प्रत आपण कापली होती, अशी कबुली एका लिलाववाल्यानें २०१३ सालीं शिकागोच्या न्यायालयांत दिली. जेथें तज्ज्ञ फसले तेथें बारा वर्षांच्या मुलाची काय कथा?

म्हणून आमचें पहिलें सांगणें असें कीं, घ्यावयाचें तर प्रामाणिकपणें झिजलेलें कार्ड घ्यावें.  सामान्य खेळाडूचें, थोडेंसें दुमडलेलें ‘टी २०६’ आजहि शंभर डॉलरांच्या आंत मिळूं शकतें, आणि १९५० नंतरच्या दशकांतील साधीं कार्डें तर त्याहून पुष्कळच स्वस्त असतात. जवळ फूटपट्टी व भिंग हीं दोन हत्यारें असावींत. माप कमी भरलें तर संशय घ्यावा. भिंगांतून खेळाडूच्या नांवाचीं अक्षरें पाहावींत: अस्सल कार्डांत तीं बहुधा भरीव शाईचीं असतात, छायाचित्र घेऊन केलेल्या नकलेंत तींहि बारीक ठिपक्यांचीं बनलेलीं दिसतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वींचा कागद जंबुपार दिव्याखालीं निस्तेज राहतो. हल्लींचा पांढरा कागद बहुधा निळसर चमकतो. कार्डाची पाठ दाखविण्यास जो विक्रेता कां-कूं करितो, किंवा आजोबांच्या पेटींत सांपडल्याची लांबलचक गोष्ट सांगतो पण माल परत घेण्याचें नांव काढीत नाहीं, त्याला दुरूनच नमस्कार करावा.

पालकांस एक गोष्ट आवर्जून सांगतों. हा छंद म्हणजे पैसे वाढविण्याची पेढी नव्हे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जुन्या कार्डांचे भाव ऐकून लोकांनीं नवीं कार्डें पेट्यांनीं साठविलीं. कंपन्यांनींहि तीं अमाप छापलीं. सर्वांनींच जपून ठेवल्यामुळें आज त्यांतील बहुतेकांना कोणी विचारीत नाहीं.

सर्वच जमवूं पाहणाऱ्याच्या हातीं पसारा तेवढा उरतो. एक संघ, एक वर्ष किंवा एक खेळाडू निवडावा. १९४७ सालीं ब्रुकलिनच्या संघांतून जॅकी रॉबिन्सन खेळूं लागले आणि काळ्या खेळाडूंना वरिष्ठ संघांत न घेण्याची तेथील दीर्घकाळची रूढि मोडली. त्यांचीं स्वतःचीं कार्डें महाग आहेत. पण त्याच संघांतील त्यांच्या सामान्य सोबत्यांचीं पांचसहा कार्डें जमवून, पाठीवरील मजकूर वाचून, कोण कोणत्या गांवचा, कोणत्या वर्षीं खेळला, हें वहींत टिपणारा मुलगा इतिहासच शिकत असतो.

‘टी २०६’ हें नांव ज्यांनीं दिलें ते सिराक्यूजचे जेफरसन बर्डिक असेच टिपणें करणारे होते. टी हें अक्षर तंबाखूचें द्योतक. संधिवातानें हात आंखडले असतांहि त्यांनीं १९३९ सालीं अमेरिकेंतील छापील कार्डांची सूचि प्रसिद्ध केली, व पुढें आपला तीन लक्षांहून अधिक चित्रांचा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला देऊन तो स्वतः वह्यांत चिकटविला. तें काम जानेवारी १९६३ मध्यें पुरें झालें, आणि मार्चमध्यें ते वारले.

मात्र चिकटविण्याच्या बाबतींत त्यांचें अनुकरण करूं नये. गोंद, चिकटपट्टी, रबरबँड हे कार्डाचे शत्रु होत. रबरबँडनें कडेला खांच पडते. ओशट वासाच्या मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या टाळून पॉलिप्रोपिलीनच्या पिशवींत कार्ड घालावें व वर ताठ आवरण असावें. डाग खोडरबरानें पुसूं नये, सुरकुती इस्त्रीनें दाबूं नये. आपल्याकडे पावसाळ्यांत पेटी भिंतीला टेंकून न ठेवतां फळीवर ठेवावी, आंत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या, आणि कोरड्या दिवशीं ती उघडून बुरशीचा वास येतो काय तें पाहावें.